मुखमैथुनातून एचआयव्ही होतो का? टेस्ट कधी करावी आणि काळजी काय घ्यावी?

(प्रश्नकर्ते लिहितात: दहा दिवसांपूर्वी कंडोम न वापरता मुखमैथुन झालं. तेव्हापासून झोप नाही.)

तुम्ही एवढं लिहिलंत, पण तोंड कुणाचं होतं ते लिहिलं नाहीत. हसू नका, आमचा पहिला प्रश्न तोच असायचा. बारा वर्षं मी एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्राची, समुपदेशक होते (कंत्राटी, दुसरं काय). पुरुष 'तोंडाने झालं' एवढं म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायला लागायचे. पुढचं आम्ही उकरून काढायचं.

तोंड समोरच्या व्यक्तीचं होतं, तर तुम्हाला एचआयव्हीचा धोका जवळजवळ नाहीच. तोंड तुमचं होतं, वीर्य तोंडात आलं आणि तोंडात जखम किंवा रक्त येणाऱ्या हिरड्या असतील, तर थोडा आहे. थोडाच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचे अंदाज असे की एचआयव्ही असलेल्या, औषधं न घेणाऱ्या जोडीदाराशी कंडोमशिवाय 10,000 वेळा संबंध आला, तर गुदमैथुनात आत घेणाऱ्याला साधारण 138 वेळा लागण होईल आणि योनीसंबंधात बाईला 8 वेळा. तोंडाच्या ओळीत आकडाच नाही, नुसतं 'कमी' लिहिलेलं आहे. लाळेत विषाणूला रोखणारी प्रथिनं असतात. शिवाय लाळेत क्षार इतके कमी की विषाणू घेऊन आलेल्या पेशी तिच्यात फुगून फुटतात.

खरं तर इथे थांबायला हवं. पण 'झोप नाही' वाचलं आणि मला लेथवाला आठवला.

2015 मधली गोष्ट. एमआयडीसीत लेथवर काम करणारा पोरगा, चोवीस-पंचवीसचा, नखांत कायमचं काळं ऑइल. सुपारी फुटलेली. मित्रांबरोबर कुठेतरी गेला, तिथल्या बाईने खालच्या संबंधाला कंडोमशिवाय साफ नाही म्हटलं (त्या बायांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं), म्हणून नुसतं तोंडाने झालं. तोंड तिचं. म्हणजे एचआयव्हीच्या हिशोबात चिंता करण्यासारखं काहीच नाही. पण तो आधी ओपीडीत गेला आणि आमच्या मेडिकल ऑफिसरांनी त्याला चारचौघांत ऐकवलं, "आता कशाला रडतोस? तोंड काय नि दुसरं काय, एड्स तो एड्सच."

ते वाक्य घेऊन तो माझ्याकडे आला. तीन आठवड्यांनी टेस्ट, निगेटिव्ह. सहा आठवड्यांनी, निगेटिव्ह. मधे खाजगी लॅबमध्ये दोनदा, तेही निगेटिव्ह. सगळे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावून आणायचा. मी समजावलं की मान डोलवायचा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बाकावर हजर. दरम्यान त्याने लग्न मोडलं. मुलीकडच्यांना सांगितलं की पत्रिकेत दोष निघाला. सुपारी फुटल्यावर पत्रिका कोण उघडतं? त्या मुलीला गावात काय काय ऐकावं लागलं असेल ते मला आजही टोचतं.

तीन महिने होत आले तेव्हा तो पुन्हा आला. संमतीच्या कागदावर सही करायला त्याने हात टेबलावर ठेवला आणि ट्यूबलाइटखाली मला तळवा दिसला. तांबूस, चपटे डाग. दुसऱ्याही तळव्यावर.

"कूलंटची अ‍ॅलर्जी आहे मॅडम. मेडिकलवाल्याने मलम दिलंय."

"बूट काढ."

तळपायांवरही तेच. मी म्हटलं, लेथवरचं कूलंट बुटात कसं गेलं रे? तो गप्प. मग विचारलं, मधे खाली कुठे फोड आली होती का? "आली होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती. आपोआप गेली. सरांना सांगणार होतो, पण ते ओरडले ना."

रक्त घेतलं, आरपीआर (सिफिलिसची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. सिफिलिस. बेंझाथिन पेनिसिलिनचं 24 लाख युनिटचं इंजेक्शन कमरेत, त्या टप्प्यावर एकदाच. एवढाच उपचार. त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "एचआयव्ही नाही ना? मग चालेल." आयुष्यात गुप्तरोगाचं नाव ऐकून एवढं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तीन महिने पोरगा ज्याच्या भीतीने अर्धा झाला ते त्याला झालंच नव्हतं. जे झालं होतं ते तळहातावर घेऊन फिरत होता. सिफिलिस, घशातला गनोरिया, हर्पिस ही मंडळी तोंडावाटे सहज जातात, तोंड कुणाचंही असो. तिच्या ओठात किंवा जिभेखाली न दुखणारी फोड असेल तर तिलाही पत्ता नसतो.

रिपोर्ट घेऊन मी त्याच मेडिकल ऑफिसर साहेबांकडे गेले. म्हटलं, सर, तुम्ही ओरडलात म्हणून फोड लपली. ते म्हणाले, "तुम्ही 'धोका नाही' म्हणत सुटलात तर उद्या सगळे मोकाट होतील. आणि हा प्रकार कायद्यानेही गुन्हा आहे, माहीत आहे ना?" तेव्हा 'अनैसर्गिक' संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 होतं, नवरा-बायकोतलं मुखमैथुनही कागदावर त्यात बसत होतं. मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही, कंत्राटाचं नूतनीकरणही तोंडावर होतं. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने सज्ञानांमधल्या संमतीच्या संबंधांना त्यातून सोडवलं, तेव्हा सगळ्यात आधी साहेबांचा चेहरा डोळ्यासमोर आला. एकही माणूस कायद्याला घाबरून तोंडाचं करायचा थांबला नव्हता. घाबरून फक्त दवाखान्यात यायचा थांबला होता. 'घाबरवलं की लोक सुधारतात' हे ज्यांना वाटतं त्यांनी एक महिना माझ्या खुर्चीत बसून बघावं.

अर्थात चूक माझीही होती. पहिल्याच भेटीत फोड-पुरळ-स्राव विचारायला हवं होतं. एचआयव्हीच्या रजिस्टरमध्ये एचआयव्हीचेच रकाने होते आणि मीही रकान्यांपुरतीच बघत राहिले.

आता तुमचं. आज, दहाव्या दिवशी, टेस्ट करून उपयोग नाही. सहा आठवड्यांनी एक, तीन महिन्यांनी एक, आणि विषय बंद. पाचवी-सहावी टेस्ट तुमचं रक्त नाही, तुमचा संशय तपासते. आरपीआर मात्र तुम्ही स्वतःहून मागा, सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांच्या) होते. लागण टाळायची पेपची औषधं 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची असतात, ती वेळ तुमची गेली. नुसत्या तोंडाच्या संबंधाला ती बहुतेक वेळा देतही नाहीत, तेव्हा हळहळू नका. कुणाशी बोलायचं असेल तर 1097 ही एचआयव्हीची हेल्पलाइन, मोफत आहे.

पुढच्या वेळी कंडोम. सरकारी निरोध तोंडासाठी कुणी खुशीने वापरत नाही, त्याच्या वंगणाची चव एकदा घेतलीत की कळेल. मेडिकलमध्ये फ्लेवरचे मिळतात, ते त्यासाठीच आहेत. बाईच्या योनीला तोंड लावायचं असेल तर कंडोमचं टोक आणि कडा कापून तो उभा चिरा आणि त्याचा पडदा मधे धरा. डेंटल डॅम नावाची वस्तू (असाच तयार पडदा) असते म्हणे, आमच्या तालुक्यात दंतवैद्यालाही मागवावी लागेल. तोंडाकडून खाली जाताना कंडोम नवा. आणि कुणालाही फोड दिसली तर त्या दिवशी काहीच नाही.

हो, एक राहिलं. जोडीदार एचआयव्हीसह जगत असेल, एआरटी (एचआयव्हीची औषधं) नियमित घेत असेल आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडण्याइतकाही नसेल, तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही लागत नाही. तोंडाने नाही, कशानेच नाही. हे वाक्य साहेबांना मी ऐकवलं असतं तर त्यांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

आणि मी वर 'जवळजवळ नाही' म्हटलं ते बऱ्या तोंडाबद्दल. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायका आणि गुटखा खाणारे पुरुष (2012 पासून बंदी आहे, टपरीवर विचारून बघा) यांच्या हिरड्या आणि गालाची आतली कातडी कशी असते ते मी पाहिलंय. असं तोंड असेल, नुकताच दात काढला असेल, तर थांबा. आधी ब्रश करून चकाचक व्हायची हौसही नको, ब्रशने हिरड्या सोलवटतात. चूळ भरा, पुरे.