ताप उतरला, पण औषधाने की आपोआप?

मानेतल्या गाठींवरच्या मागच्या लेखात कॅसलमन या लसिकाग्रंथी वाढण्याच्या विरळा आजाराचा उल्लेख एका ओळीत केला होता. त्या ओळीवरच सर्वाधिक पत्रं आली. त्यातली चार घेतो.

लहान भावाला वर्षभर ताप येतो-जातो. मानेत, काखेत, जांघेत गाठी. सुईच्या तपासणीत ठोस काही निघालं नाही, म्हणून टीबी समजून औषधं दिली. पंधरा दिवसांत ताप गेला, गाठी बसल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. आता गाठ काढून तपासली तर ‘मल्टिसेंट्रिक कॅसलमन, एचएचव्ही-८ पॉझिटिव्ह’. हा कॅन्सर का? मग टीबीची औषधं लागू कशी पडली? (महाल)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, खरी मेख तिथेच आहे. औषधं बहुधा लागू पडलीच नव्हती. हा आजार श्रावणातल्या पावसासारखा आहे, झोडपतो, उघडतो, पुन्हा झोडपतो. उघडीप नेमकी औषध सुरू केल्यावर आली की श्रेय औषधाला जातं. मीही एकदा असाच फसलो आहे. आपल्याकडे ताप, गाठी, घाम आणि घटलेलं वजन दिसलं की पहिल्यांदा टीबीच आठवतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. म्हणूनच हा आजार त्याच्या आडोशाला लपतो.

रिपोर्टमधलं ‘मल्टिसेंट्रिक’ म्हणजे अनेक जागी गाठी असलेला, आणि ‘एचएचव्ही-८’ हा एक विषाणू. या विषाणूने माणसाचंच एक जनुक उचललं आहे, इंटरल्यूकिन-६ नावाच्या प्रथिनाचं. गाठीतल्या काही पेशींत तो जागा झाला की हे प्रथिन रक्तात उतू जातं. मग ताप चढतो, शरीरातला दाह दाखवणारं सीआरपी वाढतं, हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि अल्ब्युमिन घसरतं, प्लीहा मोठी होते. विषाणू निजला की सारं निवळतं.

सुईने फक्त पेशी येतात, गाठीची वीण कळत नाही. गाठ पूर्ण काढून तपासली आणि विषाणूची खास रंगचाचणी केली की निदान होतं. ती चाचणी मुद्दाम सांगावी लागते.

हा स्वतः कॅन्सर नाही, पण पुढे लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, होण्याचा धोका वाढतो आणि जोरात उसळला तर जीवावर बेततं. पूर्वी यातले रुग्ण साधारण दोन वर्षंच जगत. रिटक्सिमॅब हे औषध आल्यापासून चित्र पार बदललं. ते देण्याआधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे. अंगावर कापोसी सार्कोमा या, याच विषाणूने होणाऱ्या कॅन्सरचे जांभळट डाग असतील तर एकट्या रिटक्सिमॅबने ते वाढू शकतात, म्हणून सोबत डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचं औषध देतात.

माझा एचआयव्ही औषधांनी पूर्ण काबूत आहे. तरी हा आजार कसा? घरच्यांना लागेल का? (कामठी)

दुर्दैवाने, एचआयव्ही काबूत असूनही होतो. प्रतिकारशक्ती दाखवणारं सीडी-४ चांगलं असतानाही झालेले रुग्ण आहेत. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या, गोळ्या मात्र एक दिवसही थांबवू नका. एचएचव्ही-८ मुख्यतः लाळेतून पसरतो, पण ज्यांच्या अंगात तो असतो त्यांतल्या फारच थोड्यांना आजार होतो. एका ताटात जेवलात म्हणून कोणाला कॅसलमन होत नाही. ताट वेगळं करायची गरज नाही.

नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये या आजाराच्या ‘नॅचरल हिस्टरी’चा अभ्यास चालतो असं वाचलं. हे आपल्या जामठ्याचंच का? औषध देत नसतील तर उपयोग काय? (मानेवाडा)

नावाचा घोळ आहे. नागपूरजवळच्या जामठ्याचं याच नावाचं रुग्णालय वेगळं, हा अभ्यास अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या संस्थेचा. कापोसीत हा विषाणू १९९४ साली युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी शोधला, पुढच्याच वर्षी तो कॅसलमनच्या गाठींतही सापडला. पण आजार इतका विरळा, की एखाद्या डॉक्टरच्या वाट्याला जन्मभरात दोन-चार रुग्ण येणार. एवढ्यावरून आजार उसळतो कधी आणि निवळतो कधी हे कळायचं कसं? म्हणून ‘नॅचरल हिस्टरी’, म्हणजे आजाराची चाल, समजायला तिथे त्याच रुग्णांना वर्षानुवर्षं पाहतात, तापातही आणि बरं असतानाही. रक्तातल्या विषाणूचं प्रमाण आणि इंटरल्यूकिन-६ दोन्ही वेळा मोजून ताडून बघतात. गरज पडली तर उपचारही होतात. गाठी फारशा नसताना हाच विषाणू तसाच ताप आणतो, त्या वेगळ्या अवस्थेची ओळख तिथल्याच संशोधकांनी २०१०च्या सुमारास करून दिली. एकदाच तपासून घरी पाठवलं असतं तर ती दिसली नसती.

बेथेस्डाला जायची गरज नाही, दोनशे पानी वही पुरे. ताप कधी चढला, कधी उतरला, त्या दिवशी कोणती औषधं चालू होती, दर आठवड्याचं वजन. घामाचं म्हणाल तर मे महिन्यात नागपुरात रात्री घाम कोणाला येत नाही? पण कूलर चालू असताना बनियन पिळावी लागत असेल तर लिहा. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. आणि ताप असेल त्याच दिवशी रक्त द्या. ‘बरं वाटल्यावर जाऊ’ म्हणून थांबलात तर रिपोर्ट साफ येतो आणि डॉक्टर पुन्हा चकतात.

छातीतली एकच गाठ होती, ऑपरेशनने काढली. कॅसलमनच निघालं. आता रिटक्सिमॅब? (वर्धा)

नको. एकाच जागचा कॅसलमन हा निराळा प्रकार, बहुधा या विषाणूशी त्याचा संबंध नसतो. गाठ पूर्ण निघाली असेल तर बहुतेक जण बरे होतात. सर्जन सांगतील तेव्हा स्कॅन करून घ्या, बाकी नेहमीसारखं जेवा-खा.