एफडी मोडण्याआधी फॅक्टरचा खर्च विचारा

ताई, पत्र दोनदा वाचलं. यजमानांना तीव्र हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर ८ हे प्रथिन शरीरात जवळजवळ नाहीच. वय ४१, वजन ६० किलो. लहानपणापासून सांध्यात रक्त उतरून उजवा गुडघा निकामी झालाय, साताऱ्यातलं झेरॉक्सचं दुकान ते स्टुलावर बसून चालवतात. पुण्यातल्या खासगी रुग्णालयाने गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनचं साडेतीन लाखांचं पॅकेज सांगितलंय. त्यासाठी मुलीच्या नावाची एफडी मोडावी का, की दीर म्हणतात तसं पर्सनल लोन घ्यावं, हा तुमचा प्रश्न.

ऑपरेशन जरूर करा. वेदना बऱ्याच कमी होतात. मात्र पाय पूर्ण वाकेलच असं नाही, जंतुसंसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त, आणि चाळिशीत बसवलेला सांधा पुढे पुन्हा बदलावा लागू शकतो. म्हणून सगळी पुंजी आत्ताच ओतू नका.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘रक्तघटक वेगळे’. खरा खर्च तिथे आहे. इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, त्यात फार फसगत होत नाही. बाहेरून टोचायच्या फॅक्टर ८ चं तसं नाही. किलोमागे १ युनिट दिलं की पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते. ऑपरेशनआधी ती १०० टक्क्यांजवळ न्यायची, म्हणजे पहिलाच डोस ३,००० युनिटचा. आठ-बारा तासांत त्यातलं निम्मं उतरतं, मग पुन्हा डोस, असं जवळपास दोन आठवडे. एकूण आकडा ३०,००० युनिटच्या पुढे सहज जातो, आणि फिजिओथेरपीच्या वेळचे डोस वेगळेच. युनिटचा दर आणि एकूण युनिट लेखी मागा, गुणाकार घरी बसून करा.

त्याच्याही आधी इनहिबिटरची चाचणी. शरीरात फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली असतील तर नेहमीचा फॅक्टर लागू पडत नाही, दुसरी महागडी औषधं लागतात आणि बिल कित्येक पटींनी फुगतं. हा रिपोर्ट हाती आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

माझ्या मते हे ऑपरेशन जिथे सरकारी फॅक्टर मोफत मिळतो तिथेच बघावं. आधी साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा, मग परळच्या केईएममध्ये. आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, म्हणजे रक्ताच्या आजारांवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था, त्याच आवारात आहे. तारखेसाठी थांबावं लागेल, हेलपाटे पडतील. तरी ते परवडतं. डावा गुडघाही कुरकुरतो म्हणता, तर दोन्ही एकाच वेळी जमतील का हेही विचारा. इम्प्लांट दोन लागतील, पण फॅक्टरचे दोन आठवडे एकदाच.

पर्सनल लोन नकोच. दुकान दोन-तीन महिने बंद राहणार आणि हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू. तेवढ्या दिवसांचा घरखर्च मात्र आत्तापासून बाजूला काढा.

आणि लेकीचं. वडिलांना हिमोफिलिया असला की मुलगी वाहक असतेच, म्हणजे आजाराचं जनुक तिच्यात येतंच, कधी कधी तिचीही फॅक्टरची पातळी कमी निघते. तिची तपासणी करून घ्या. तिची एफडी मोडू नका म्हणतो, त्यामागे हेही कारण आहे.