केनियात पाळकीय शिक्षण घेणाऱ्या मुलाला मुंबईतून मदत करायची आहे. पैसे थेट त्यालाच पाठवावेत का? आणि इथं एवढी गरज असताना बाहेर का द्यावं?

सलाम. तुमचा प्रश्न मी असा समजले: परळकडच्या तुमच्या मराठी मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, पाच-सहा कुटुंबं मिळून केनियातल्या एका तरुणाच्या सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजच्या, फीला हातभार लावू इच्छितात. त्याची माहिती एका पाहुण्या वक्त्याकडून कळली, मग व्हॉट्सॲपवर बोलणं सुरू झालं. आणि मंडळीतली काही वडीलधारी माणसं म्हणतात की आपल्या गावाकडच्या पाळकांना पगार वेळेवर मिळत नाही, तिथं केनियाचं कुठं काढलंत?

माझं उत्तर: मदत करा. पण पैसे कॉलेजच्या खात्यात भरा, शिक्षण पुरं होईपर्यंत भरा, आणि तो पुढं कुठं सेवा करेल हे त्याच्या मंडळीवर सोडा. मी भायखळ्याच्या एका मंडळीत आहे. आमच्या गटाचा अशा मदतीचा पत्रव्यवहार आणि हिशेब बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वडीलधाऱ्यांचा प्रश्न घेते, कारण तो खरा आहे आणि त्याला खरं उत्तर दिलं पाहिजे. नाशिकचा शरणपूर रोड सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं १८५० च्या दशकात इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर ही वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबतं इंग्रजी आरमार पकडायचं, त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबई बंदरात उतरवली जायची, आणि त्यांतली कितीतरी शरणपूरला पाठवली जायची. तिथं ती सुतारकाम, लोहारकाम शिकली, लिहायला-वाचायला शिकली, पवित्र शास्त्र म्हणजे बायबल शिकली. इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणतात. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेले जेकब वेनराइट होते. १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघं आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या रबाईला मिशनच्या कामासाठी गेले. पुढं १८७० च्या दशकात मोंबासासमोर मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसलं, त्याला नाव मिळालं मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं, आणि तिथं नाशिकहून आणखी बरेच जण गेले. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना डीकन म्हणून, म्हणजे पाळकपदाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा दिली. म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या मंडळीतले अगदी सुरुवातीचे दीक्षित सेवक नाशिकच्या मातीत शिकलेले होते.

आणि गोष्ट इथं संपत नाही. त्याच फ्रिअर टाउनमध्ये १९०३ साली पाळक घडवणारी शाळा सुरू झाली. ती १९३० मध्ये नैरोबीजवळच्या लिमुरूला, चहाच्या मळ्यांच्या मुलखात गेली. आज ती सेंट पॉल्स विद्यापीठ म्हणून उभी आहे. केनियाला मदत म्हणजे कुठल्यातरी अनोळखी देशाला मदत, असं कुणी म्हटलं की मी हा इतिहास सांगते. आपलं आणि त्यांचं नातं दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, आपण ते विसरलो इतकंच.

दुसरी बाजूही बघा. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले तेव्हापासून अमेरिकन मराठी मिशनचा खर्च कोण उचलत होतं? तिकडच्या मंडळ्यांतली साधी माणसं, ज्यांनी मुंबई कधी पाहिली नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अहमदनगरच्या ज्या सेमिनरीत शिकवलं, ती त्याच पैशांवर चालत होती. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली, आता ती पुण्यात बिबवेवाडीला आहे, तिच्या पाठीशीही अनेक देशांतल्या मंडळ्या होत्या. आपल्या आजोबा-पणजोबांना शिकवणारे पाळक परक्या माणसांच्या दानातून तयार झाले. वसईकडचे कॅथलिक वाचकही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एक सांगते. १८८९ मध्ये फ्रान्सच्या कॅन शहरात जान बिगार या बाईंनी आणि त्यांच्या आईने संत पेत्राच्या नावाने जे कार्य सुरू केलं, त्यामागे जपानातल्या नागासाकीच्या बिशपांचं पत्र होतं. धर्मगुरू व्हायला मुलं तयार होती, त्यांना ठेवून घ्यायला पैसे नव्हते. आज ते पोपच्या छत्राखालचं जगभरचं काम आहे. सुरुवात दोन बायकांनी केली.

तरीही गावाकडच्या पाळकाचा पगार थकवून केनियाला पैसे पाठवू नका. हे मी पंचकमिटीतही स्पष्ट बोलते. आधी आपल्या पाळकांचा वाटा, मग बाहेरचा. पण दोन्ही जमतं. बायबलमधल्या फिलिप्पैच्या मंडळीने प्रेषित पौलाला पुन्हा पुन्हा मदत पाठवली, ती काही श्रीमंत मंडळी नव्हती.

आता मुलगा कुठं शिकतो ते बघा. तो स्वतःच्या देशात, स्वतःच्या लोकांत राहून शिकत असेल तर डोळे झाकून प्राधान्य द्या. ‘मला भारतात किंवा अमेरिकेत शिकायला बोलवा’ अशी मागणी असेल तर थांबा. ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीला १९६० च्या सुमाराला जाणवलं की खेड्यातली मुलं शहरात आणून शिकवली की ती खेड्यात परत जात नाहीत, आणि खेड्यात जे खरे पुढारी आहेत त्यांना घरदार, शेत सोडून येता येत नाही. मग १९६३ पासून त्यांनी शिक्षकच विद्यार्थ्यांकडे पाठवायला सुरुवात केली. ती पद्धत पुढं जगभर गेली, आपल्याकडे बंगळूरच्या टाफ्टी या संस्थेचे घरी राहून शिकायचे अभ्यासक्रम त्याच धर्तीवर निघाले. तुमच्या त्या तरुणाला पूर्णवेळ शिकणं जमत नसेल, घरी बायको-मुलं असतील, तर असा अभ्यासक्रम कमी खर्चात होतो आणि त्याची मंडळीही सेवकावाचून राहत नाही.

व्हॉट्सॲपबद्दल. तुमचा तरुण खराच असेल, पण खात्री होईपर्यंत एक रुपया पाठवू नका. पाळकांच्या नावाने पैसे मागणारे फसवे मेसेज भारतात येतात तसेच आफ्रिकेच्या नावानेही येतात. फोटोत मुलं, अनाथाश्रम, शेवटी एम-पेसाचा नंबर. केनियात मोबाइलवरून पैसे घेणं-देणं २००७ पासून इतकं रुळलंय की तो नंबर देण्यात गैर काही नाही. पण त्या नंबरामागे कोण आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. दोन पत्रं मागवा. एक त्याच्या मंडळीच्या बिशपचं किंवा वरिष्ठ पाळकाचं, की हा आमचा उमेदवार आहे आणि शिक्षण झाल्यावर आम्ही त्याला सेवेत घेऊ. दुसरं कॉलेजच्या रजिस्ट्रारचं, की तो अमुक वर्षात शिकतो आणि इतकी फी बाकी आहे. ही पत्रं त्या तरुणाने पाठवलेली नकोत. कॉलेजच्या वेबसाइटवरचा पत्ता स्वतः शोधा आणि तिथं थेट लिहा. कॉलेजला मान्यता कुणाची हेही विचारा. आफ्रिकेत आक्टिया, आशियात एटीए, भारतात सेरामपूरचं सिनेट, अशा संस्था त्यासाठीच आहेत.

खर्चाचं पत्रक आलं की ते बारकाईने वाचा. आमच्याकडे आलेल्या एका पत्रकात शिकवणीची फी होती, वसतिगृह होतं, मेस होती, ग्रंथालयाचं शुल्क होतं. सगळं बेरजेला बरोबर. पण सुट्टीत घरी जायचं बसभाडं कुठंच नव्हतं. त्या मुलाचं गाव दिवसभराच्या प्रवासावर होतं, आणि मेस सुट्टीत बंद. तो रिकाम्या वसतिगृहात चहा-पाव खाऊन दिवस काढत होता. हे त्याने आम्हाला सांगितलं नाही, वॉर्डनने सहज लिहिलेल्या एका ओळीतून कळलं. तेव्हापासून आम्ही प्रवास, औषधपाणी, पुस्तकं आणि घरच्यांसाठी थोडी रक्कम असं वेगळं धरतो, आणि तेही कॉलेजच्याच खात्यात भरतो. कॉलेज त्याला हातात देतं. विवाहित विद्यार्थी असेल तर घरच्यांचा विचार सर्वात आधी करा. बायको तिकडं एकटी शेत बघत असते, लेकरू आजारी पडलं की मुलगा अभ्यास सोडून निघतो, आणि ते वर्ष वाया जातं.

पैसे पाठवण्याची वाट सरळ आहे, फक्त नियम माहीत हवेत. चर्चच्या ट्रस्टच्या खात्यातून पाठवायचा विचार सोडून द्या. रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना, म्हणजे बँकेत ज्याला एलआरएस म्हणतात, ती फक्त व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर पाठवायचं. वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, तिचा आपल्याला काही अडथळा नाही. वर्षभरात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएसही, म्हणजे बाहेर पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो करही, कापला जात नाही. ए-२ फॉर्म भरावा लागतो आणि त्यात कारणाचा कोड लिहावा लागतो, परदेशातल्या धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेला देणगीसाठी एस-१३०३. ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सवलत यावर मिळत नाही, हे गटातल्या सगळ्यांना आधीच सांगा म्हणजे मार्चमध्ये कुरकुर होत नाही.

दादरच्या शाखेत परकीय चलनाचं काम बघणाऱ्या बाईंनी मला एक गोष्ट शिकवली, ती मी आता सगळ्यांना सांगते. फॉर्मवर बँकेचे चार्जेस कुणी सोसायचे तो रकाना असतो. तिथं सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे, म्हणजे ‘आवर’ (OUR) असं लिहा. नाहीतर मधल्या बँका आपापला वाटा कापतात आणि कॉलेजच्या वहीत मुलाच्या नावावर थोडी बाकी राहते. काही कॉलेजांत बाकी असलेल्याला परीक्षेला बसू देत नाहीत. थोडक्या रकमेसाठी सत्र अडतं. आणि संदर्भाच्या रकान्यात विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक न विसरता टाका.

पाच-सहा कुटुंबं आहात तर आळीपाळीने दर सत्राला एकाच कुटुंबाने पाठवावं, म्हणजे प्रत्येक वेळी सगळ्यांचे चार्जेस जात नाहीत. आणि शब्द देण्याआधी निदान पुढच्या वर्षाची फी मुदत ठेवीत बाजूला काढा. याबाबत मी फार आग्रही आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांना उत्साह असतो, नंतर कुणाची बदली होते, कुणाच्या घरी लग्न निघतं. मदतीच्या भरवशावर ज्याने नोकरी सोडली, त्याला अर्ध्या वाटेत सोडणं हा अन्याय आहे. जमणार नसेल तर एकाच वर्षाची, किंवा कॉलेजच्या ग्रंथालयासाठी मदत करा. तीही मोलाची आहे, कारण पुस्तक दहा विद्यार्थी वाचतात.

त्याच्याकडून दर महिन्याला आभाराचं पत्र आणि फोटो मागू नका. सत्राअखेर कॉलेजकडून गुणपत्रक येऊ द्या, तेवढं पुरे. तो मनाने लिहील तेव्हा मनापासून उत्तर द्या, त्याच्या मंडळीसाठी प्रार्थना करा. त्याचा फोटो फेसबुकवर टाकण्याआधी त्याला विचारा. केनियात अडचण नाही, पण उद्या तुम्ही नेपाळच्या विद्यार्थ्याला मदत केलीत तर तिथल्या २०१७ च्या फौजदारी संहितेत धर्मांतर घडवण्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. आपली उत्साहाने टाकलेली एक पोस्ट तिथं कुणाला महागात पडू शकते.

तर आता पहिलं काम: कॉलेजच्या रजिस्ट्रारला ईमेल लिहा. तीन गोष्टी विचारा, हा विद्यार्थी तुमच्याकडे आहे का, पदवी पुरी व्हायला किती सत्रं राहिली, आणि घरखर्चासह एका सत्राला नक्की किती लागतात. इंग्रजीत लिहायला अडचण वाटत असेल तर इथंच खाली कमेंटमध्ये सांगा, मसुदा मी करून देते.