ईसीजी नॉर्मल आहे, मग छातीत होते ते काय?

“ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल. मग मॅडम, मी नाटक करते असे समजायचे का?” बोरिवलीहून फोर्टला नोकरीसाठी जाणाऱ्या, अडतिशीच्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत मला हा प्रश्न विचारला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पॅनिकचे, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे, झटके येणारी बहुतेक माणसे कधी ना कधी हेच विचारतात.

हे नाटक मुळीच नव्हते. धडधड खरी होती, घाम आणि हाताला येणाऱ्या मुंग्याही खऱ्या होत्या. चुकत होता तो त्यांचा लावलेला अर्थ. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलेल्या विचारानुसार, शरीरातल्या साध्या बदलाचा ‘आता मी मरणार’ असा अर्थ लावला की भीती वाढते, भीतीने धडधड आणखी वाढते आणि तीच पुन्हा पुरावा वाटू लागते. हे चक्र सहसा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचते आणि मग आपोआप उतरते. अर्थात छातीत पहिल्यांदा दुखते तेव्हा आधी डॉक्टरांकडेच जायचे असते, आणि या बाईंच्या हृदयाच्या व थायरॉइडच्या तपासण्या झालेल्या होत्या.

पहिला झटका फास्ट लोकलमध्ये आला, म्हणून त्यांनी फास्ट सोडली आणि दर स्टेशनाला उतरता येईल या हिशेबाने त्या स्लो गाडीने, दाराजवळ उभ्या राहून जाऊ लागल्या. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि सासऱ्यांची जिभेखाली ठेवायची गोळी असे. बारा वर्षांचा लेडीज डब्यातला ग्रुप त्यामुळे सुटला, आणि हे त्यांनी अगदी सहज, ओघात सांगितले. मला मात्र त्यांच्या उदासीचे एक मोठे मूळ तिथेच दिसले. झोप उडाली होती, रविवारी त्या अंथरुणातून उठत नव्हत्या. जगणे नकोसे वाटते का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारले. तसा विचार त्यांच्या मनात नव्हता. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या त्यांच्या सल्ल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, हेही त्याच दिवशी ठरले.

सुरुवातीला मी त्यांना संथ श्वास घ्यायला शिकवले आणि ती माझी चूक झाली. ‘श्वास सांभाळला म्हणून वाचले’ असे त्यांना वाटू लागले, म्हणजे बाटलीच्या जोडीला आणखी एक आधार तयार झाला. चौथ्या भेटीपासून आम्ही उलट वाट धरली. माझ्याच खोलीत, मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायचा, जागेवर धावायचे, आणि त्याआधी कागदावर भाकीत लिहायचे. त्यांनी लिहिले, “बेशुद्ध पडेन, खात्री 80 टक्के.” चक्कर आल्यासारखे झाले, पण त्या पडल्या नाहीत. झटक्यात रक्तदाब बहुधा वाढलेला असतो आणि बेशुद्धी सहसा तो एकदम घसरल्याने येते, हे मी तेव्हाच समजावले. आधी नुसते सांगितले असते तर ते पटले नसते, असे मला वाटते.

उदासीसाठी वेगळा उपचार लागला नाही. मन लागेल तेव्हा करू, असे म्हणत थांबायचे नाही. आधी छोटी कृती करायची आणि मन कसे राहिले ते नोंदवायचे, एवढेच. पहिली कृती होती ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला फोन करणे, आणि ते जमायला दोन आठवडे लागले. मग एका स्टेशनापुरती फास्ट गाडी, तीही सासऱ्यांची गोळी घरी ठेवून. पुढे अंधेरीपर्यंत.

अकराव्या भेटीत त्यांनी सांगितले की अंधेरीच्या अलीकडे गाडी सिग्नलला बराच वेळ थांबली आणि छाती जोरात धडधडली. दाराकडे जावेसे वाटले, तरी त्या बसून राहिल्या. समोरची मैत्रीण मटार सोलत होती. तिने काही न विचारता मूठभर शेंगा यांच्या ओंजळीत ठेवल्या. गाडी हलली तेव्हा धडधड पूर्ण थांबलेली नव्हती, आणि त्या दिवशीच्या कागदावर ‘मी मरेन’च्या पुढे त्यांनी 10 टक्के लिहिले होते.