पार्किन्सन्स म्हणजे नुसता हाताचा कंप का?

नाही. आमच्या बाबांना कंप फारसा नव्हताच. अक्षर बारीक होत गेलं, वास येईनासा झाला. आम्ही ते वयावर ढकललं. या आजारावरची लेव्होडोपाची गोळी आणि जेवणातली प्रथिनं शोषली जाताना एकमेकांच्या आड येतात, हेही उशिराच कळलं. आता गोळी जेवणाआधी अर्धा तास, वरण-पनीर नंतर. (वेळा मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.) दारात पाय खिळले की ओढायचं नाही, फरशीची रेघ ओलांडायला सांगायचं. सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या शहाबादी फरशीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं! पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे जरूर जा. तिथे पेशंटला ‘शुभार्थी’ म्हणतात, सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. बाबांना ते फार आवडलं.