स्टीअरिंग थरथरतंय? रॅक बदलायच्या आधी हे बघा

तुमचं म्हणणं असं : कागलच्या बाजूला हायवेला लागलं की 80 च्या पुढं स्टीअरिंग थरथरतं, 110 ला बऱ्यापैकी कमी होतं. अलाइनमेंट दोनदा करून झाली, फरक शून्य. आता गॅरेजवाला रॅक, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग, बदला म्हणतोय. रॅकला एवढ्यात हात लावू देऊ नका.

अलाइनमेंटनं थरथर जात नाही. ती म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एका कडेनं झिजतो. थरथर येते ती फिरणाऱ्या वस्तूतून, म्हणजे टायर, रिम, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रेकची डिस्क, एक्सल (चाक फिरवणारा दांडा) यातून. त्यातही ठराविक वेगालाच येऊन पुढं कमी होत असेल, तर पहिला संशय बॅलन्सिंगवर, म्हणजे चाकाचा भार सगळीकडं सारखा नसण्यावर. रिमच्या कडेला छोटी वजनं लावून तो सारखा करतात. 14 इंची रिमच्या कडेला 30 ग्रॅमचा फरक असला, तरी 100 च्या वेगाला चाक सेकंदाला 14-15 फेऱ्या घेतं आणि दर फेरीला हबला चार किलोच्या वर झटका बसतो. म्हणून वजन एवढंसं दिसलं तरी सोडायचं नाही.

आधी चाकं काढून रिमची आतली बाजू बघा. आपल्याकडं पावसाळ्यात किंवा उसाच्या हंगामात शेताच्या वाटेनं गाडी गेली की काळी माती रिमच्या आत बसते आणि वाळली की दगडासारखी होते. बाहेरून धुतलेली गाडी चकाचक दिसते, आत एका बाजूला चिखलाचा थर तसाच. तो स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढा. मातीसकट बॅलन्सिंग केलं, तर पुढं एखादं ढेकूळ गळून पडलं की थरथर परत सुरू. तिथंच हबचा तोंडाचा भागही बघा. गंजाचे पापुद्रे असतील तर रिम सपाट बसत नाही. वायर ब्रशनं घासून घ्या.

बॅलन्सिंगला स्वतः मशीनजवळ उभे राहा. जुनी वजनं सगळी काढायला सांगा. चाक फिरत असताना वजनाच्या आकड्याआधी रिमच्या कडेकडं बघा, आतल्या कडेकडं जास्त. कड डावी-उजवी डुलत असेल तर रिम वाकलीय. सातारा-कागल पट्ट्यातल्या डायव्हर्जनच्या खड्ड्यांत हे सहज होतं. वाकडी रिम वजनं चिकटवून आकड्यात बसवता येते, पण रस्त्यावर ती उड्या मारणारच. लोखंडी रिम ठोकून सरळ होते. अलॉयला तडा दिसला तर ती बदलायचीच. टायरच्या बगलेला फुगा असेल तर आतल्या दोऱ्या तुटल्यात. त्याला पंक्चरवाल्याकडं इलाज नाही, तो टायर घेऊन हायवेला जाऊ नका. वजनं लावल्यावर चाक परत फिरवून दोन्ही बाजूंना शून्य दाखवायला सांगा. हे दुसऱ्यांदा फिरवणं बरेच जण टाळतात.

एवढं करूनही थरथर राहिली तर एक बिनखर्ची परीक्षा आहे, आणि मला ती सगळ्यात भरवशाची वाटते. पुढची चाकं त्याच बाजूला मागं टाका, मागची पुढं. त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं चालवा. थरथर स्टीअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष चाकात. स्टीअरिंगलाच राहिली तर हब, डिस्क किंवा एक्सलकडं वळा. नट आवळताना समोरासमोरचे आवळायचे, एका ओळीत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांना 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. एअर गननं वेडेवाकडे ताणलेल्या नटांमुळं डिस्कही वाकडी बसते.

फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर प्रकरण वेगळं, ते डिस्कचं. पन्हाळ्यावरून उतरताना गिअर खाली न घेता सगळा भार ब्रेकवर टाकला की डिस्क तापते. मग खाली येऊन ब्रेक दाबून उभं राहिलं की पॅडचा थर एका जागी चिकटतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर डिस्क तासून मिळते, पण डिस्कवर कोरलेल्या कमीत कमी जाडीच्या खाली जायचं नाही. तासा किंवा बदला, दोन्ही बाजूंची एकदमच करा.

चढाला ॲक्सिलरेटर दाबला की हादरे आणि पाय काढला की शांत, असं असेल तर एक्सलचा आतला जॉइंट बघायला सांगा. कमी वेगातच चाक डगमगायला लागलं आणि ते वाढत चाललं, तर लगेच बाजूला घेऊन नट तपासा.

राहिला रॅक. तो ढिला झाला की खराब रस्त्यावर खडखड येते, स्टीअरिंगला मोकळी चाल जाणवते. 80 ते 100 लाच थरथर, हे त्याचं लक्षण नाही. तरी मेकॅनिक अडून बसला तर पुढचं चाक जॅकवर उचलायला लावा. चाक म्हणजे घड्याळ समजून 3 आणि 9 वर धरून हलवलं की टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारं टोक) आणि रॅकचा ढिलेपणा कळतो, 12 आणि 6 वर धरलं की बॉल जॉइंट आणि बेअरिंगचा. हलतंय कुठं ते त्यानं बोट ठेवून दाखवावं, मगच पार्टची ऑर्डर द्या.