नाल काढल्यावर घोडी खडीवर दबकत चालते, काय करावं?

आठवड्यापूर्वी नाल काढली, घोडी मातीवर ठीक चालते पण पाचगणीच्या खडीच्या रस्त्यावर पाय आखडते, असं तुम्ही लिहिलंय. एवढं सुरुवातीला होतंच. नालेमुळे तळव्यावर थेट भार कमी यायचा, तो अजून हुळहुळा आहे. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतं, म्हणजे पुढून पूर्ण नवं यायला वर्षभर धरा. तोवर खिळ्यांच्या भोकांपाशी कडेचे टवके उडतील; घाबरू नका. नालबंदाकडून दर ४ ते ६ आठवड्यांनी कानशीने कडा गोल करून घ्या, पण तळवा तासू देऊ नका, कृपा करून. पुष्कळ घोडी तिथेच लंगडी होतात.

सध्या टेबल लँडच्या कातळावर सवारी नको. रोज थोडा वेळ मऊ मातीवर हाताने फिरवा, मग हळूहळू बारीक खडी. रस्ता टळतच नसेल तर खुराचे बूट मिळतात, ते घाला. गूळ, मळी, जास्तीचं धान्य बंद. चांगलं वाळलं गवत द्या. आपल्याकडच्या पावसात ठाण कोरडं ठेवणं सगळ्यात अवघड, पण तेच सोडू नका. तळव्याच्या खाचांतून काळा, घाण वासाचा चिकटा निघाला तर खूर सडतंय.

खूर गरम लागलं, खुरावरच्या सांध्यामागे नाडी जोरात उडत असली किंवा घोडी भार मागे टाकून उभी राहिली, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा.